हायलक्स, पोळपाट आणि पिवळं तळं

आमच्या खोबरच्या फ्लॅटच्या भाडेकरारात एक कलम आहे : भिंतीला खिळा ठोकायचा नाही. त्यामुळे सासूबाईंनी दिलेली पैठणीच्या पदराची फ्रेम गेली सहा वर्षं कपाटावर भिंतीला टेकून उभी आहे. दोन वर्षांपूर्वी नवऱ्याला कंपनीकडून हायलक्स पिकअप मिळाली, तेव्हा सोबतच्या पत्रातही असंच एक वाक्य होतं. गाडीला भोक पाडायचं नाही, वेल्डिंग करायचं नाही, वायर कापायची नाही. घेतली तशी परत द्यायची.

पत्र वाचून नवरा खुशीत म्हणाला, "म्हणजे बोल्टनं आवळून लावलेलं चालतंय!"

मी म्हटलं, "अरे, काहीही लावू नकोस, असा त्याचा अर्थ आहे."

पुढची दोन वर्षं आमच्या घरात या एका वाक्याची दोन भाष्यं नांदत होती.

पिकअप म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर बार्शीची बाजार समिती येते. कांद्याची पोती, दुधाच्या किटल्या, मागे दाटीवाटीनं बसलेली लग्नाची वऱ्हाडी मंडळी. पिकअप ही कष्टाची गाडी. तिला कुणी नटवत नाही. फार तर मागे 'आई-वडिलांचा आशीर्वाद' लिहितात आणि पुढे लिंबू-मिरची बांधतात. सौदीत आल्यावर पहिल्यांदा मी पिकअपच्या मागे उंट बसलेला पाहिला. पाय दुमडून, मान उंच करून, हायवेवर ताशी शंभरच्या वेगानं निघाला होता, आणि चेहऱ्यावर भाव असे की गाडी त्याच्याच मालकीची. शतकानुशतकं ज्यानं माणसांना वाहून नेलं, त्याला आता टोयोटा वाहून नेते. तेव्हा कळलं की इथे पिकअप ही नुसती सामानाची गाडी नाही, तिनं उंटाची जागा घेतली आहे. आणि उंटाला झूल, गोंडे, खोगीर हे सगळं आलंच.

इथे साध्या पिकअपला 'वानेत' म्हणतात. लँड क्रूझरच्या जुन्या दणकट पिकअपला 'शास' म्हणतात. आमच्यासारख्या चार दारांच्या हायलक्सला म्हणतात 'गमारतेन'. गमारा म्हणजे केबिन आणि गमारतेन म्हणजे दोन केबिन. अरबीत आपल्या संस्कृतसारखं द्विवचन आहे, हे मला व्याकरणाच्या पुस्तकातून नाही, गाडीच्या नावावरून समजलं. माझा विषय भूगोल, एम.ए. करून बार्शीच्या एका हायस्कुलात सात वर्षं शिकवला. पण रामः रामौ रामाः कोणाच्या डोक्यातून जातं?

नवऱ्याच्या डोक्यात मात्र या वर्षी जानेवारीत भलतंच शिरलं. डकार रॅली २०२० पासून सौदीच्या वाळवंटात भरते, आणि जानेवारी २०२५ मध्ये यझीद अल-राजही या सौदी चालकानं ती मोटारगाड्यांच्या गटात जिंकली. या गटात जिंकणारा तो पहिला सौदी, आणि गाडी हायलक्स! रॅलीच्या त्या गाडीत आणि आमच्या कंपनीच्या पांढऱ्या गाडीत नावापलीकडे फारसं साम्य नाही, पण घरोघरचे हायलक्सवाले आठवडाभर छाती काढून हिंडत होते. त्याच आठवड्यात आम्ही थुकबाला गेलो.

थुकबा म्हणजे खोबरला चिकटलेला जुना भाग. गाडीच्या कामांची गल्लीच्या गल्ली. गॅरेज-दुकानांच्या अशा वस्तीला इथे सगळे 'सनाइया' म्हणतात. संध्याकाळच्या नमाजानंतर तिथे तुळशीबागेसारखी गर्दी असते, फरक एवढाच की बायका नसतात. मी नि माझी अकरा वर्षांची लेक अशा दोघीच होतो. गल्ल्यावर मलयाळी, पान्याशी पठाण, चहा आणणारा बंगाली, गिऱ्हाईक सौदी आणि सगळ्यांची मिळून एक हिंदी.

दुकानाच्या छतापासून जमिनीपर्यंत माल टांगलेला. पुढे लावायचा जाडजूड लोखंडी बंपर. हवा उंचावरून घेणारी, काचेच्या कडेनं वर जाणारी काळी नळी, तिला स्नॉर्कल म्हणतात. गाडी दोन इंच उचलणाऱ्या स्प्रिंगा. मागच्या हौद्याला ओरखडे पडू नयेत म्हणून आतून बसवायचं प्लास्टिकचं अस्तर. टपावरचे एलईडी दिवे. वाळूच्या टेकडीपलीकडून येणाऱ्याला दिसावा म्हणून उंच काठीवरचा केशरी झेंडा. नवरा प्रत्येक वस्तूपाशी देवळातल्यासारखा थांबत होता.

मी मनात वेगळाच हिशेब करत होते. मी इथे आले २०१७ मध्ये, आणि त्याच जुलैपासून कुटुंबावरचा कर सुरू झाला. पहिल्या वर्षी माणशी महिना १०० रियाल, मग दरवर्षी शंभरानं चढत २०२० पासून ४००. मी आणि दोन मुलं, म्हणजे महिन्याला १,२०० आणि वर्षाला १४,४०० रियाल. नवऱ्याची कंपनी तो भरत नाही. आपल्या मंडळातली कितीतरी कुटुंबं या करापायी परत गेली. आई आणि मुलं तिकडे, बाबा इकडे, आणि रात्री नऊला व्हिडिओ कॉल. दर वर्षी इकामा नूतनीकरणाच्या आधी आमच्याही घरी तो विषय निघतो. अशा वेळी टपावरचे दिवे म्हणजे मला जिभेवर खडा आल्यासारखं वाटत होतं.

पण त्या दिवशी मी फार बोलले नाही. माणूस बारा-बारा तास साइटवर असतो. शुक्रवार सोडला तर मुलांनी त्याला उजेडात पाहिलेलं नसतं. त्यातून एक तोडगा निघाला, जो आमच्या दोन्ही भाष्यांना चालण्यासारखा होता : भोक न पाडता बसेल आणि जाताना काढून नेता येईल, तेवढंच घ्यायचं. स्प्रिंगा गेल्या, स्नॉर्कल गेली, बंपर गेला. उरलं ते असं : टपाच्या कडांना चिमट्यांनी पकडणारा रॅक, त्याच्या कडेला ओढून उघडायची कनात, हवा भरायचा कॉम्प्रेसर, टायरमधली हवा मोजायचं गेज, वाळूत रुतल्यावर चाकाखाली सारायच्या खाचांच्या दोन प्लास्टिकच्या फळ्या, ताणला जाणारा नायलॉनचा ओढपट्टा, घडीचं फावडं, घडीचं टेबल आणि गॅसची लहान शेगडी. सगळे मिळून २,१०० रियाल. पठाण मिस्त्रीनं रॅक बसवताना एक गोष्ट नवऱ्याला बजावली : ट्रेलर ओढायच्या गोळ्याला ओढपट्टा कधीही अडकवू नकोस. तो गोळा झटक्यानं तुटला तर तोफगोळ्यासारखा सुटतो, माणूस मरतो. पट्टा अडकवायचा तो चासीला पक्क्या जोडलेल्या हुकातच. दोन हजारांच्या खरेदीतली ही सगळ्यात मोलाची गोष्ट फुकट मिळाली.

आता जायचं कुठे? हाफ मून बेच्या टेकड्या घराजवळ आहेत, पण तिथे सुट्टीच्या दिवशी चौपाटीसारखी गर्दी. मी म्हटलं, अल-अहसाचं पिवळं तळं.

अल-अहसा हे जगातलं सगळ्यात मोठं मरूद्यान. खजुराची पंचवीस लाख झाडं. २०१८ साली युनेस्कोनं त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. त्या वारशात बागा आणि झरे आहेत, हुफूफचा इब्राहिम किल्ला आणि कैसरिया बाजार आहे, आणि अगदी पूर्वेच्या टोकाचं हे तळंही आहे. 'बुहैरत अल-अस्फर', म्हणजे पिवळं तळं. खजुराच्या बागांना दिलेलं पाणी जमिनीतून झिरपून चरांत येतं, चरांतून वाहत वाळवंटाच्या सखल भागात साठतं आणि त्याचं तळं होतं. थंडीत ते पसरतं, उन्हाळ्यात आक्रसतं. कडेनं वेताचं बन, पलीकडे वाळूचे डोंगर. शाळेत असते तर यावर मी दोन तास घेतले असते.

जानेवारीच्या शेवटच्या शुक्रवारी पहाटे निघालो. ठरलं होतं दोन गाड्यांनी जायचं, कारण एकट्या गाडीनं वाळूत उतरू नये हा पहिला नियम. पण बरोबरच्या कुटुंबातल्या मुलाला रात्री ताप भरला. नवरा म्हणाला, "तळ्यापर्यंत तर लोक रोज जातात." मी गप्प बसले. यात चूक दोघांची.

खोबरहून हुफूफ दीडशे किलोमीटरच्या आसपास. वाटेत धहरान मागे पडतं. तिथल्या सात नंबरच्या विहिरीला मार्च १९३८ मध्ये भरपूर तेल लागलं आणि या देशाचं नशीब पालटलं. तेल शोधणारे अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञ त्याआधी काही वर्षं याच वाळूत हिंडत होते. त्यांच्याही मोटारी रुतायच्या, आणि रुंद, कमी हवेचे टायर वापरायचे हे तेही इथेच शिकले. त्यांचा वाटाड्या होता खमीस बिन रिमथान नावाचा बेदुइन. खुणा नसलेल्या वाळूतून तो अचूक वाट काढायचा. त्याच्या नावानं पुढे एका तेलक्षेत्राला नाव दिलं गेलं. हे सगळं मी मुलांना सांगत होते आणि धाकटा विचारत होता, पोळी कधी?

कारण पोळीचं सामान बरोबर होतं. नवी शेगडी आणि नवं टेबल घेतल्यावर वाळवंटात गरम पोळ्या झाल्याच पाहिजेत, असा हुकूम होता. म्हणून कणीक, तवा, लाटणं आणि माझा सागवानी पोळपाट. हा पोळपाट बाबांनी लग्नात बार्शीच्या सुताराकडून करून घेतलेला. चांगला दीड इंच जाड, खाली तीन पाय. विमानाच्या वजनात बसवण्यासाठी मी त्याच्यापायी दोन साड्या मागे ठेवल्या होत्या.

बुकैकचे तेलाचे प्रचंड गोलाकार टाक्यांचे कारखाने गेले, आणि मग एकाएकी हिरवं सुरू झालं. खजूर, खजूर आणि खजूर, मध्ये मातीच्या भिंती, पाण्याचे पाट. हुफूफच्या बाजारात आम्ही 'खलास' जातीचा खजूर घेतला आणि एक किलो हसावी तांदूळ. हा तांदूळ लालसर असतो, इथेच पिकतो आणि महाग असतो. आमचं सासर चिपळूणचं. नवऱ्यानं मूठभर तांदूळ तळहातावर घेतला, वास घेतला आणि बराच वेळ काही बोलला नाही.

उमरान गाव संपलं की डांबर संपतं. तिथे थांबून टायरमधली हवा सोडायची. हे आधी नीट सांगते, कारण पुढचा सगळा गोंधळ यातच झाला.

डांबरी रस्त्यावर आमच्या टायरांत ३५ पौंड हवा असते. टायर टणक, जमिनीला टेकलेला भाग तळहाताएवढा. एवढ्याशा जागेवर पाऊण टनाचा भार आला की वाळू खचणारच. हवा १५ पर्यंत सोडली की टायर खाली बसतो आणि त्याचा पाऊलठसा दुपटीहून मोठा होतो. रुंद होतो त्याहून जास्त लांब होतो. वजन तेच, जागा दुप्पट, म्हणून दाब निम्मा. आठवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात हेच आहे, आणि उंटाच्या पसरट पावलातही हेच आहे. म्हणजे वाळूत गाडी चालावी म्हणून करायची सगळ्यात मोठी सुधारणा विकत घ्यायची नसते. काहीतरी कमी करायचं असतं.

पण कमी केलेलं परत भरावं लागतं. तशा टायरांनी डांबरावर वेगात गेलं तर ते तापून फुटतात. आदल्या आठवड्यात नवऱ्यानं घरी कॉम्प्रेसर सिगारेट लायटरच्या भोकात लावून पाहिला होता आणि गाडीचा फ्यूज उडाला होता. एवढ्या मोठ्या कॉम्प्रेसरची वीज थेट बॅटरीवर चिमटे लावूनच घ्यायची असते, हे नंतर कळलं. तोवर त्याच्या मनात भीती बसली होती : सोडलेली हवा परत भरता आलीच नाही तर? म्हणून उमरानला त्यानं हवा सोडली ती फक्त २५ पर्यंत. "थोडी सोडली की झालं," म्हणाला.

जाताना खरंच काही झालं नाही. सकाळच्या थंडीत वाळू जरा घट्ट असते. तळं दिसलं तेव्हा लेक किंचाळलीच. एवढ्या पिवळ्या वाळूत एवढं निळं पाणी, कडेला वेताचे तुरे, आणि पाण्यात एका पायावर उभे बगळे, अगदी आपल्याकडच्यासारखे. कनात उघडली, शेगडी पेटली, पोळ्या झाल्या. वारा इतका की एक पोळी उडून वाळूत पडली. धाकट्यानं तिला 'पापड' म्हणून मान्यता दिली. गाडीला लावलेल्या त्या सगळ्या सामानाचं मला पहिल्यांदाच कौतुक वाटलं, आणि मी ते नवऱ्याला बोलून दाखवलं. तीच बहुधा दृष्ट लागली.

परतताना तीन वाजले होते. एक बुटकी टेकडी ओलांडल्यावर नवऱ्यानं तळ्याचा शेवटचा फोटो काढायला गाडी थांबवली. थांबवली ती टेकडीच्या पलीकडच्या, मऊ अंगाला. परत निघताना चाकं जागच्या जागी फिरली. त्यानं पाय दाबला. चाकं आणखी फिरली आणि गाडी हळूहळू खाली बसत गेली, म्हैस पाण्यात बसते तशी, पोटापर्यंत.

मग सगळी अवजारं बाहेर आली. खाचांच्या फळ्या चाकाखाली सारल्या, तर एक फळी चाकानं मागे भिरकावली. नशीब, मुलं बाजूला होती. गाडी पोटावर बसलेली असताना फळ्यांचा उपयोग नसतो, आधी खालची वाळू काढावी लागते. घडीचं फावडं चार ढिगांत मानेपाशी वाकलं. आम्ही तव्यानं वाळू काढली. चाक उचलून खाली भर घालू म्हणून जॅक लावला, तर चाक वर येण्याऐवजी जॅकच वाळूत खाली जाऊ लागला. ओढपट्टा नवाकोरा होता, पण ओढणार कोण? एकट्या गाडीला ओढपट्टा म्हणजे वराशिवाय अंतरपाट. मोबाइलला रेंजची एक काडी, तीही येऊन-जाऊन. थंडीत सव्वापाच-साडेपाचला सूर्य मावळतो. पाणी पुरेसं होतं, पण धाकट्याच्या अंगात नुसता पातळ स्वेटर होता.

नवरा गाडीला टेकून बसला आणि म्हणाला, "जॅकखाली काहीतरी सपाट पाहिजे."

आमची नजर एकाच वेळी टेबलाकडे गेली. पोळपाट उलटा ठेवला. सपाट बाजू वाळूवर, तीन पाय आकाशाकडे. जॅक तीन पायांच्या मधोमध बसला, जणू सुतारानं त्यासाठीच केला असावा. मी डोळे मिटून घेतले. लाकूड एकदा करकरलं आणि चाक वर आलं. खाली वाळू भरली, फळी सारली. एकेक करून चारी चाकं झाली. गाडी दोन मीटर पुढे आली, आणि परत बसली.

तेव्हा नवरा पहिल्यांदा गप्प झाला. माझ्याकडे २०१९ पासून लायसन्स आहे. बायकांना इथे गाडी चालवायची परवानगी जून २०१८ मध्ये मिळाली आणि दुसऱ्याच वर्षी मी काढलं. पण कंपनीच्या गाडीचं 'तफवीद', म्हणजे चालवण्याचं अधिकारपत्र, फक्त त्याच्या नावानं आहे. स्टिअरिंग माझ्या हाती येणार नव्हतं. मी लेकीचा हात धरला आणि टेकडीवर चढले.

वर गेल्यावर पुस्तकाचं पानच उघडलं. नववीला मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढलेली आकृती : बारखाण. चंद्रकोरीच्या आकाराची वाळूची टेकडी. वारा येतो त्या बाजूला मंद उतार, वारा जातो त्या बाजूला उभा, आणि कोरीची दोन टोकं वाऱ्याच्या दिशेनं पुढे आलेली. मुलींनो, इकडे लक्ष द्या, असं म्हणत मी बाण काढायची, आणि खरी बारखाण मी कधी पाहिलेली नव्हती. इथे वारा 'शमाल', उत्तरेकडून, वायव्येकडून येणारा. म्हणजे मंद उतार तिकडचा. वाऱ्यानं तिथली वाळू चोपून चोपून घट्ट केलेली असते आणि तिच्यावर बारीक लाटा उमटलेल्या असतात. उभ्या अंगाला वाळू वरून घसरून नुसती येऊन पडलेली असते, सैल पिठासारखी. आणि आम्ही थांबलो होतो पिठात.

मी चपला काढून चालले. लाटा असलेल्या जागी पाऊल जेमतेम बोटभर रुतत होतं, सैल जागी घोट्यापर्यंत. तळ्याच्या बाजूचा पांढरट सपाट भाग दिसायला रस्त्यासारखा होता, पण ती सबखा, वर मिठाची पापडी आणि खाली चिखल. तिकडे जायचं नव्हतं. वाट होती ती सरळ वर नाही. थोडं मागे उतरून, कोरीच्या डाव्या टोकाला वळसा घालून, मंद उतारानं. लेकीनं तिची ओढणी फाडायला दिली नाही, पण टोकाला दगड ठेवून पसरून दिली. "आई, बारखाण म्हणजे हेच का?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "हेच."

खाली आले तर एक जुनाट शास उभी होती. मागे जनावरांच्या चाऱ्याची पोती, पुढे एक म्हातारे गृहस्थ आणि बारा-तेरा वर्षांचा नातू. सलाम झाला. आजोबांनी गाडीभोवती एक फेरी मारली, टपावरचा रॅक, कनात, फळ्या, झेंडा, सगळं बघितलं आणि नातवाकडे वळून म्हणाले, "दुक्कान!"

हा शब्द कुणी मला समजावून सांगायची गरज नव्हती. मी हसले. नवराही, नाइलाजानं.

मग त्यांनी वाकून टायरवर तळहात दाबला, मान हलवली आणि बोट दाखवत म्हणाले, "हवा. हवा."

आम्ही दोघं बघतच राहिलो. हवा! आपला शब्द, घरात रोज उच्चारतो तो, अरबी मुलखातूनच तर आपल्याकडे आला आहे. नवऱ्यानं मोडक्या अरबीत कॉम्प्रेसरची अडचण सांगितली. आजोबांनी स्वतःच्या गाडीकडे बोट दाखवलं, मग उमरानच्या दिशेला : तिथे भरून देतो. आणि किल्लीच्या टोकानं ते व्हॉल्व्ह दाबत बसले. चारी टायर फुस्स करत बसत गेले. आमच्या नव्या गेजवर आकडा आला १२. याच्या फार खाली गेलं तर टायर रिंगवरून सुटायची भीती असते. रुतलेल्या गाडीला तात्पुरतं एवढं चालतं.

ते उठले आणि वाट बघायला टेकडीकडे निघाले. वाळूवर माझ्या अनवाणी पावलांची रांग डाव्या टोकाला वळसा घालून गेलेली, शेवटी ओढणी. ते तिच्या कडेनं थोडं चालले, पायानं वाळू दाबून बघितली. मग माझ्याकडे नाही, नवऱ्याकडे बघून, पण हात माझ्या पावलांकडे करून म्हणाले, "तमाम."

सात वर्षं मी मुलांच्या वह्यांवर शेरे दिले. गेल्या आठ वर्षांत मला मिळालेला हा पहिला.

मी पुढे चालत होते आणि गाडी माझ्या पावलांवरून येत होती. ओढपट्टा लागला नाही. उमरानला आजोबांनी चारी टायर भरून दिले. पैसे हातातही घेतले नाहीत. खूप आग्रह केल्यावर नातवानं तिळाच्या लाडवांचा डबा घेतला. बदल्यात आमच्या हातात कहव्याचे लहान कप आले. गाडीत बसल्यावर नवरा इतकंच म्हणाला, "तू हे सगळं सकाळी का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, "तू सकाळी विचारलंस कुठे?" पण आवाज दोघांचाही मऊ होता.

त्यानंतर आम्ही चार वेळा वाळूत गेलो, दर वेळी दोन गाड्यांनी आणि दर वेळी हवा १५ वर आणून. कॉम्प्रेसर आता बॅटरीवर लागतो, एका टायरला सात-आठ मिनिटं घेतो. टपावरचं ओझं अर्धं केलं, कारण वर वजन वाढलं की उतारावर गाडी कलंडायला वेळ लागत नाही. वाकलेल्या फावड्याच्या जागी बागकामाचं साधं, लांब दांड्याचं फावडं आलं, किंमत ३० रियाल. या थंडीत कुणी जाणार असाल तर माझी यादी एवढीच : गेज, कॉम्प्रेसर, फळ्या, फावडं, जॅकखाली जाड लाकूड, भरपूर पाणी आणि दुसरी गाडी. बाकी सगळी झूल आणि गोंडे. छान दिसतात, पण उंट त्यांच्यामुळे चालत नाही.

आणि आता घरची बातमी. नवऱ्याचा प्रकल्प मार्चमध्ये संपतो आहे. पुढचं काम मिळालं तर तो राहील. मी आणि मुलं मात्र परीक्षा झाल्या की बार्शीला जाणार, असं ठरलं आहे. माझ्या जुन्या शाळेत अर्ज केला आहे. काय होतं ते बघू.

परवा गाडी तपासणीला परत द्यायची म्हणून नवऱ्यानं सगळं सामान उतरवलं. चिमटे सोडले, रॅक काढला, कनात गुंडाळली. पाऊण तासात गाडी कंपनीच्या पत्रासारखी पांढरी झाली. कुठे भोक नाही, ओरखडा नाही, आम्ही होतो याची खूण नाही. तो टपावरून हात फिरवत बराच वेळ उभा होता. मी वरून खिडकीतून बघत होते. खाली गेले नाही.

सामान खोलीत रचून ठेवलं आहे. मंडळात नवीन आलेल्या कुणाला हवं असेल तर घेऊन जा, पैशाचं बघू. हवा किती सोडायची ते गेजच्या डबीवर मराठीत लिहून चिकटवलं आहे.

पोळपाट मात्र मागू नका. त्याच्या पाठीवर, तीन पायांच्या मध्ये, जॅकच्या बुडाचा गोल वण उमटला आहे आणि एक बारीक चीर गेली आहे. पुढची बाजू अजून सपाट आहे. पोळ्या उत्तम होतात.